डाळ आणि बियाणे

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील दाल बाजारात उभे राहिले, की एक साधी गोष्ट ध्यानी येते. अख्खी तूर आणि तुरीची डाळ, धान्य एकच. परंतु अख्खी तूर पेरली तर उगवते, डाळ उगवत नाही. सौम्य धर्मनिष्ठा आणि कट्टर धर्मनिष्ठा यांत खरोखर अंतर आहे काय, याचा विचार करताना आम्हांस हा दृष्टान्त उपयोगी वाटतो. नास्तिक म्हणतो, धान्य एकच. धर्मनिष्ठ सुधारक म्हणतो, आमची डाळ झाली आहे. हा वाद महाराष्ट्रात १८९१ साली कसास लागला.

१८९० साली कलकत्त्यास फुलमणी ही दहा-अकरा वर्षांची विवाहित मुलगी पतीच्या शरीरसंबंधाने मृत्यू पावली. पुढे संमतिवयाचे बिल आले आणि वयाची मर्यादा १० वरून १२ वर्षे करण्याचे ठरले. ऋतुप्राप्तीबरोबर गर्भाधान हाच धर्म, असे सनातन्यांचे म्हणणे; परक्या सरकारने यात हात घालू नये, हा टिळकांचा मोठा आक्षेप. मालवणात जन्मलेले डॉ. भांडारकर यांनी उशीर शास्त्रसंमत आहे, हे वचनांनी दाखविले. लोक ज्यांना नास्तिक म्हणत ते अज्ञेयवादी आगरकर यांना मात्र वचनांची गरज नव्हती. विवेक आणि मुलीचे हित एवढे त्यांना पुरे होते.

या भूमिकेवरून पाहता सौम्य पक्षाची उणीव उघड दिसते. वचनाने वचन खोडणारा वचनाचा अधिकार मान्यच करतो. पुण्याच्या पंचहौद मिशनमधील १८९० च्या चहापानावरून ग्रामण्य उठले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि टिळकांप्रमाणे रानड्यांनीही प्रायश्चित्त घेतले. दोघांची मते भिन्न, न्यायासन एकच!

तरीही अंतर नाही, असे आम्ही म्हणणार नाही. अकरा वर्षांच्या मुलीच्या दृष्टीने भांडारकरांचा कौल आणि सनातन्यांचा कौल एक नव्हेत. एकाने तिला अवधी मिळतो, दुसऱ्याने प्राणाशी गाठ पडते. बिल त्याच वर्षी मार्चमध्ये संमत झाले, त्यास सौम्य धर्मनिष्ठांचे बळही लाभले होते.

पण तूर भरडणारे जाते कोणते? अनुकूल आणि प्रतिकूल अशी दोन्ही वचने समोर असता त्यांतील दयेचे वचन निवडणारी बुद्धी वचनांतून आलेली नसते. आमच्या मते ते जाते विवेकाचे आहे, आणि आगरकर त्याला उघडपणे त्याच्या नावाने हाक मारीत. देवळात जाणाऱ्या सुज्ञांनीही तसेच करावे, एवढीच विनंती. जात्याचे ऋण नाकारून शास्त्राचेच नाव घेत राहिलो, तर आपल्या कोठारात अख्खे बियाणे तसेच पडून राहते. आणि उद्या ते कोण पेरील, हे आपल्या हाती उरत नाही.