खरबीचे बारसे

वाळूत पोट टेकून बसणारा एक मासा आहे. बंगालीत त्याला बेले म्हणतात. बेले म्हणजे वाळूचा, वालुकामय. ओडियातल्या बालिगरडा या नावातही वाळू आहेच. असमियात तो पाटिमुतुरा, तमिळमध्ये त्याच्या साऱ्या गोतावळ्यालाच उळुवै. आपल्याकडे खाडीकाठी त्याला खरबी म्हणतात आणि घाटावरच्या नद्यांत खरपा. शास्त्राच्या दप्तरी या सगळ्यांना मिळून एकच नाव आहे: ग्लॉसोगोबिअस गियुरिस. एवढ्या भाषांना एका नावाखाली आणणारे हे बारसे केव्हा झाले, कोणी केले आणि ते कितपत पक्के आहे, याची हकिगत दोनशे वर्षांची आहे. तिच्यात कंपनी सरकारचा एक डॉक्टर आहे आणि जपानचा एक युवराजही.

हा मासा गोबी कुळातला. हिंदी भाजीबाजारातल्या गोबीशी त्याचे काही नाते नाही. ग्रीक भाषेत क्षुल्लक माशांसाठी वापरला जाणारा ‘कोबिओस’ हा शब्द लॅटिनमध्ये ‘गोबिअस’ झाला, आणि लिनिअसने १७५८ साली ‘सिस्टेमा नॅच्युरी’च्या दहाव्या आवृत्तीत तो एका प्रजातीला दिला. खूण सोपी होती: पोटाखालचे दोन पर जुळून त्यांची वाटी झालेली असते. या वाटीने मासा दगडाला, लाकडाला चिकटून राहतो. ओहोटीच्या पाण्याने वाहून जात नाही. आज या गणगोतात दोन हजारांहून अधिक जाती मोजल्या जातात. बहुतेक बोटाएवढ्या किंवा त्याहूनही लहान, मळकट रंगाच्या, तळाशी दबून बसणाऱ्या. त्यांना एकमेकींपासून वेगळे करणे हे मत्स्यशास्त्रातल्या अवघड कामांपैकी एक समजले जाते. रंगावर विसंबावे, तर तो मेल्यावर आणि अल्कोहोलच्या बाटलीत उडून जातो. आकारावर विसंबावे, तर सगळ्या सारख्याच.

फ्रान्सिस ब्यूकॅनन हा स्कॉटिश डॉक्टर ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत होता. १८०० साली वेलस्लीने त्याला म्हैसूर आणि मलबारच्या पाहणीवर धाडले; पुढे १८०७ पासून सात वर्षे तो बंगाल इलाख्याची पाहणी करत हिंडला. शेती, कारागिरी, देवळे, रोगराई, सगळे तो टिपून ठेवी आणि जाईल तिथल्या नद्यांतले मासेही पाही. पुढे आईकडची जहागीर मिळाल्यावर त्याने हॅमिल्टन हे आडनाव घेतले. १८२२ साली एडिंबरोहून त्याचा गंगेतल्या माशांवरचा ग्रंथ निघाला, ३९ चित्रपट्टांसह. रोहिता, कटला, मृगाला ही आज साऱ्या जगात चालणारी शास्त्रीय नावे त्यातलीच. कोळ्याच्या तोंडून ऐकलेला शब्द घ्यायचा आणि त्याला लॅटिन अंगरखा चढवायचा, अशी त्याची बहुतेक ठिकाणची रीत. गोबींनाही त्याने अशीच नावे दिली: गियुरिस, नूनुस, चुनो. त्यांतच एक ‘सदानंदिओ’ आहे. ते उच्चारताना कोणाही भारतीय वाचकाला क्षणभर थांबून हसू येईल.

वसाहतीच्या काळात परक्या अंमलदाराने स्थानिक शब्द शास्त्राच्या नावात ठेवून दिला, ही गोष्ट लहान नाही. त्याच शतकातल्या कितीतरी प्राण्यांना गव्हर्नरांची, सेनापतींची, आश्रयदात्यांची नावे चिकटली आहेत. पण हॅमिल्टनच्या नावांत एक मोठी उणीव राहिली. त्याने मासे पाहिले, त्यांची वर्णने लिहिली, भारतीय चित्रकारांकडून चित्रे काढवली. नमुने मात्र जपून ठेवले नाहीत. आजच्या शास्त्रात प्रत्येक जातीच्या नावामागे कुठल्यातरी संग्रहालयात एक बाटली असते आणि तिच्यात तो मासा असतो. शंका आली की बाटली उघडून पाहायची. ‘गियुरिस’च्या मागे अशी बाटली नाही.

चित्रे तरी हाताशी असायला हवी होती. १८१५ साली हॅमिल्टन मायदेशी निघाला तेव्हा गव्हर्नर जनरल लॉर्ड मॉयराने त्याचा चित्रसंग्रह ठेवून घेतला. ती कंपनीची मालमत्ता आहे, असे त्याचे म्हणणे. ग्रंथ छापताना ती सगळी चित्रे हॅमिल्टनजवळ नव्हती. ती कलकत्त्यातच राहिली. शतकभरानंतर झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाचे सुंदरलाल होरा त्यांच्याकडे वळले. अविभाजित पंजाबातल्या हाफिजाबादला जन्मलेले होरा पुढे या संस्थेचे संचालक झाले. १९२९ साली त्यांनी या अप्रकाशित चित्रांच्या आधारे हॅमिल्टनच्या जातींचा उलगडा करणारा प्रबंध प्रसिद्ध केला. जप्तीमुळे झालेले नुकसान जप्तीनेच थोडेफार भरून काढले, असे म्हणायचे. चित्रे एडिंबरोला गेली असती तर कदाचित आधीच छापली गेली असती. पण कलकत्त्यात राहिल्यामुळे ती एका भारतीय शास्त्रज्ञाच्या हाती लागली.

मुंबईच्या एका माशाची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. निवटी आगरी-कोळी घरांत सर्वांच्या ओळखीची. ओहोटीला चिखलावर सरपटते, उड्या मारते, डोळे डोक्याच्या वर काढून बघते आणि चाहूल लागली की बिळात शिरते. झां-जाक द्युसुमिए हा फ्रेंच व्यापारी हिंदी महासागरात फिरताना पॅरिसच्या संग्रहालयासाठी प्राणी गोळा करी. मुंबईतून मिळालेल्या निवटीचे वर्णन वालांसिएनने १८३७ साली केले आणि तिला त्या व्यापाऱ्याचे नाव दिले: बोलिऑफ्थाल्मस द्युसुमिएरी. पहिल्या शब्दाचा अर्थ साधारण ‘बाहेर फेकलेल्या डोळ्यांची’ असा. ते वर्णन नेमके आहे. दुसऱ्या शब्दात मुंबई नाही, खाडी नाही, चिखलात गुडघाभर उतरून बिळात हात घालणारी माणसेही नाहीत. पण पॅरिसमध्ये बाटली आहे. निवटीला देह मिळाला, शब्द गेला. खरबीला शब्द मिळाला, देह गेला.

एकोणिसाव्या शतकात गोबींच्या जातींचे पीक आले. बटाव्हियातला डच लष्करी डॉक्टर पीटर ब्लीकर तिथल्या मासळीबाजारातून मासे विकत घेऊन वर्णने लिहीत राहिला. १८७४ साली त्याने साऱ्या गोबींची नैसर्गिक मांडणी करण्याचा आराखडा छापला. मद्रास लष्करातला डॉक्टर फ्रान्सिस डे याने १८७५ ते १८७८ या काळात ‘द फिशेस ऑफ इंडिया’ प्रसिद्ध केले. त्या काळातले हे बरेचसे लोक डॉक्टर होते, हा योगायोग नाही. शरीर फाडून पाहायची सवय आणि बाटलीत मुरवायचे द्रव्य, दोन्ही त्यांच्यापाशी होते. पण ते पराचे काटे आणि खवले मोजत. तेवढ्यावर गोबी वेगळ्या होत नाहीत. म्हणून पूर्व आफ्रिकेपासून प्रशांत महासागरापर्यंत वाळूत बसलेला, जरा लांबट, दुभंगलेल्या जिभेचा गोबी दिसला की बऱ्याचदा त्याला ‘गियुरिस’ म्हणून मोकळे व्हायचे.

यातून सुटण्याची वाट गोबीच्या गालावर होती. बहुतेक माशांच्या अंगावर डोक्यापासून शेपटीपर्यंत एक रेघ असते; तिने त्यांना पाण्याची हालचाल कळते. गोबींच्या अंगावर ती रेघ नाही. तिचे काम डोक्यावरची छिद्रे आणि गालांवरच्या सूक्ष्म संवेदी पुटकुळ्यांच्या ओळी करतात. लुईजी सांझो या इटालियन शास्त्रज्ञाने १९११ साली भूमध्य समुद्रातल्या गोबींच्या या ओळींचे नकाशे काढले. कोणती ओळ कुठून निघते, कुठे तुटते, एकेरी आहे की अनेकपदरी, हे जातीजातीत बदलते. बाटलीत रंग उडाला तरी ओळी राहतात. त्या पाहायला सूक्ष्मदर्शक लागतो आणि दिवसचे दिवस लागतात.

असे दिवस युवराज अकिहितोंनी दिले. जपानच्या राजघराण्यात जीवशास्त्राची परंपरा होतीच. त्यांचे वडील सम्राट हिरोहितो समुद्रातल्या हायड्रोझोआंचे अभ्यासक होते. अकिहितोंनी गोबी घेतले. १९६३ साली गोबींच्या खांद्याच्या हाडावर त्यांचा पहिला शोधनिबंध आला. १९६६ साली त्यांनी ‘उरोहाझे’ नावाच्या जपानी माशाच्या शास्त्रीय नावावर लिहिले. जपानी ग्रंथांत हा मासा गियुरिसच्या नावाखाली, त्याचाच एक पोटभेद म्हणून नोंदला जाई. म्हणजे गंगेतला बेले आणि जपानच्या खाडीतला उरोहाझे एकच, असे धरलेले. अकिहितोंनी दाखवून दिले की तो वेगळा आहे आणि त्याला ओलिव्हासिअस म्हटले पाहिजे.

हे नाव त्यांनी दिलेले नव्हते. टेमिंक आणि श्लेगेल यांनी ते १८४५ सालीच देऊन ठेवले होते. त्यांच्या ग्रंथामागे सीबोल्ट या जर्मन डॉक्टरने नागासाकीजवळच्या देजिमा बेटावर उभारलेला संग्रह होता. सीबोल्टवरही जप्ती आली होती: १८२८ साली त्याच्यापाशी जपानचे नकाशे सापडले आणि पुढच्या वर्षी त्याला देशाबाहेर घालवले. नकाशे गेले, पण जपानचे मासे लायडनच्या संग्रहालयात पोचले. त्यामुळे सव्वाशे वर्षांनी ओलिव्हासिअस या नावाला उभे राहायला जमीन होती. नामकरणाचा नियम राजा-रंक जाणत नाही; जे आधीचे आणि ज्याला आधार आहे, ते नाव चालते. जपानच्या भावी सम्राटाने आपल्या देशातल्या माशासाठी, जपानने हद्दपार केलेल्या माणसाच्या संग्रहातले नाव पुन्हा उभे केले. ज्ञानाच्या इतिहासात सत्तेने इतके विनम्र होण्याचे प्रसंग फार नाहीत.

त्यानंतर नवी नावे द्यायची वेळही आली. १९७५ साली अकिहितो आणि त्यांचे सहकारी कात्सुसुके मेगुरो यांनी गियुरिसच्या निकटच्या गोतातून ग्लॉसोगोबिअस ऑरिअस ही जात वेगळी काढली. ऑरिअस म्हणजे सोनेरी. पुढच्या वर्षी व्हिएतनाममधल्या एका जातीला त्यांनी स्पार्सिपापिलस म्हटले, म्हणजे विरळ पुटकुळ्यांचा. गालावरच्या ज्या खुणेने ओळख पटली, तीच नावात बसली. १९८९ ते २०१९ सम्राटपद सांभाळत असतानाही हे काम थांबले नाही. पदत्यागानंतर २०२१ साली, वयाच्या ८७व्या वर्षी, दोन नव्या गोबी जातींचे वर्णन करणारा त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला.

मग आपल्या गियुरिसचे काय झाले? त्याच्या शेजारपाजारच्या जाती एकेक करून वेगळ्या निघाल्या, आणि उरलेला मोठा ढीग त्याच्या नावावर राहिला. या नावाखाली एकाहून अधिक जाती दडल्या असाव्यात, असा संशोधकांचा संशय आहे. जागतिक धोकासूचीत गियुरिसच्या पुढे ‘फारशी चिंता नाही’ असा शेरा आहे, कारण त्याचा पसारा मोठा. पण पसारा एकाचा आहे की अनेकांचा मिळून, हे ठरल्याखेरीज त्या शेऱ्याला कितपत अर्थ आहे? एखाद्या खाडीतला गोबी खरोखर निराळा असेल आणि त्या खाडीत भराव पडला, तर तो संपल्याची नोंदसुद्धा होणार नाही. कागदावर गियुरिस सुखरूप असेल. कोळणीला मात्र टोपलीतला फरक दिसलेला असेल, कारण तिच्या भाषेत त्या दोघांना कदाचित आधीपासूनच दोन शब्द असतील.

म्हणून बोलीभाषांतली नावे ही केवळ गोळा करून ठेवायची मौज नव्हे. जिथे दोन शब्द आहेत तिथे दोन जाती असतीलच असे नाही. मोठ्या-लहानालाही लोक वेगळे म्हणतात, नर-मादीलाही म्हणतात. पण शोध कुठून सुरू करावा, हे त्या शब्दांतून कळते. हॅमिल्टनने ते कान देऊन ऐकले होते. कमी पडली ती बाटली. आज गुणसूत्रांच्या कसोट्या आहेत, सूक्ष्मदर्शक आहेत, संग्रहालये आहेत. गंगेच्या वाळूतून, चिलिकातून, ठाण्याच्या आणि पनवेलच्या खाडीतून मासा उचलताना बाटलीच्या चिठ्ठीवर जागा आणि तारीख लिहिली जातेच. तिसऱ्या ओळीत, ज्याने जाळे ओढले त्याच्या तोंडचे नावही लिहिले जावे.