जुन्या प्रेक्षकांसाठी नवा भाग : मराठी विनोदी चित्रपटांतील स्वसंदर्भ

पंडरी (रायपूर) : लोकप्रिय विनोदी चित्रपटाचा दुसरा भाग अनेक वर्षांनी येतो, तेव्हा त्याचा पहिला प्रेक्षक हा मूळ चित्रपट पुन्हा पुन्हा पाहिलेला प्रेक्षक असतो. असा चित्रपट नवी कथा सांगतो आणि त्याच वेळी स्वतःच्या जुन्या प्रसंगांकडे, संवादांकडे व पात्रांकडे बोट दाखवून हसवतो. या पद्धतीला स्वसंदर्भी विनोद म्हणता येईल. मराठीत २०१३ ते २०२४ या काळात तिची ठळक उदाहरणे दिसली. मात्र हा विनोद प्रेक्षकाच्या आठवणीवर उभा असतो. ती आठवण पुढच्या पिढीकडे आणि महाराष्ट्राबाहेरील मराठी घरांकडे कितपत पोहोचली आहे, यावर त्याचे यश अवलंबून राहते.

दोन प्रकारचे उत्तरभाग

उत्तरभाग, म्हणजेच सिक्वेल, ढोबळमानाने दोन प्रकारचे असतात. पहिल्या प्रकारात पात्रे जुनी, पण कथा स्वतंत्र असते. ‘मुन्नाभाई एम.बी.बी.एस.’ (२००३) न पाहिलेल्या प्रेक्षकालाही ‘लगे रहो मुन्नाभाई’ (२००६) पूर्ण समजतो. दुसऱ्या प्रकारात मूळ कृती हाच नव्या कथेचा कच्चा माल असतो. मूळ कृती ठाऊक नसेल, तर कथानक कळते. पण निम्मा विनोद हातून निसटतो.

ही युक्ती चित्रपटाहून पुष्कळ जुनी आहे. आठव्या शतकातील नाटककार भवभूती हा विदर्भातील पद्मपूरचा. ‘महावीरचरित’ या नाटकानंतरची रामकथा त्याने ‘उत्तररामचरित’मध्ये मांडली. तिच्या पहिल्याच अंकात राम, सीता व लक्ष्मण आपल्याच गतायुष्याची चित्रे पाहतात, तर सातव्या अंकात रामासमोर सीतेच्या कथेचा नाट्यप्रयोग होतो. त्यातील रस करुण आहे, हास्य नव्हे. तथापि, पात्रांनी स्वतःच्या पूर्वकथेचे प्रेक्षक होणे ही कल्पना तीच आहे. हास्यरसातील ख्यातनाम उदाहरण म्हणजे स्पॅनिश लेखक सर्व्हान्तेसची ‘डॉन किहोते’ ही कादंबरी. तिचा पहिला भाग १६०५ मध्ये, तर दुसरा १६१५ मध्ये प्रसिद्ध झाला. दुसऱ्या भागातील काही पात्रांनी पहिला भाग वाचलेला असतो आणि त्या आधारे ती नायकाची थट्टा करतात.

‘झपाटलेला’ : बाहुला तोच, पिढी दुसरी

महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’ १९९३ मध्ये प्रदर्शित झाला. ‘चाइल्ड्स प्ले’ (१९८८) या अमेरिकी भयपटाची कल्पना घेऊन त्यांनी तिला मराठी ग्रामीण विनोदाचे रूप दिले. तात्या विंचू हा गुंड मरताना मंत्राच्या बळावर आपला आत्मा एका बाहुल्यात घालतो आणि तो बाहुला शब्दभ्रमकार लक्ष्याच्या हाती पडतो, असे त्याचे कथासूत्र होते. लक्ष्याची भूमिका लक्ष्मीकांत बेर्डे यांनी केली. तात्या विंचूची भूमिका व आवाज दिलीप प्रभावळकर यांचा होता, तर बाहुल्यामागचे कसब शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांचे होते.

७ जून २०१३ रोजी ‘झपाटलेला २’ त्रिमितीय तंत्रात पडद्यावर आला. तोवर बेर्डे यांच्या निधनाला आठ वर्षांहून अधिक काळ लोटला होता. १६ डिसेंबर २००४ रोजी त्यांचे निधन झाले. मुख्य विनोदी नटच हयात नसताना दुसरा भाग कसा करायचा, हा दिग्दर्शकापुढील खरा पेच होता. त्यावर दोन उपाय योजण्यात आले. पहिला, न बदलणारे पात्र केंद्रस्थानी ठेवणे : बाहुला म्हातारा होत नाही, आणि प्रभावळकर यांचा आवाज त्याला पुन्हा लाभला. दुसरा, कथा पुढच्या पिढीकडे सोपवणे : लक्ष्याच्या मुलाची भूमिका कोठारे यांचे पुत्र आदिनाथ यांनी केली, तर स्वतः महेश कोठारे पोलीस अधिकारी महेश जाधव म्हणून परतले. पडद्यावरील वारसा आणि पडद्यामागील वारसा असे एकमेकांत मिसळले.

‘नवरा माझा नवसाचा’ : एसटीतून रेल्वेत

सचिन पिळगांवकर यांच्या ‘नवरा माझा नवसाचा’ची रचना प्रवासपटाची होती. जुना नवस फेडण्यासाठी वक्रतुंड ऊर्फ वक्या व त्याची पत्नी भक्ती मुंबईहून एसटीने गणपतीपुळ्याला निघतात. नवस अडचणीचा असतो : वक्याने देवाच्या दर्शनाला विवस्त्र जायचे असते. सचिन व सुप्रिया पिळगांवकर हे वास्तव जीवनातील दांपत्य पडद्यावरही दांपत्य होते आणि कंडक्टरच्या भूमिकेत अशोक सराफ होते. एकाच बसमध्ये कोंबलेल्या नाना तऱ्हेच्या प्रवाशांतून विनोद घडत गेला.

सुमारे दोन दशकांनी, २० सप्टेंबर २०२४ रोजी, ‘नवरा माझा नवसाचा २’ प्रदर्शित झाला. त्या दिवशी राष्ट्रीय चित्रपट दिन असल्याने देशभरातील सहभागी चित्रपटगृहांत तिकीट ९९ रुपये होते. नव्या भागात दांपत्य तेच, नवस व गणपतीपुळेही तेच. वाहन मात्र रेल्वे. मुलीच्या भूमिकेत हेमल इंगळे, तर जावयाच्या भूमिकेत स्वप्नील जोशी दिसले. अशोक सराफ या वेळी तिकीट तपासनीस झाले. कंडक्टरच्या खाकी गणवेशाऐवजी टीसीचा कोट, एवढ्या एका बदलात जुन्या प्रेक्षकासाठी विनोद आहे. पहिला भाग न पाहिलेल्याला तो केवळ एक टीसी वाटेल.

सचिन यांच्या कारकिर्दीत स्वसंदर्भाचे सूत्र आधीपासून आढळते. ‘सत्ते पे सत्ता’ (१९८२) या हिंदी चित्रपटात ते सात भावांपैकी एक होते. पुढे २००८ मध्ये त्याच कथेवर त्यांनी मराठीत ‘आम्ही सातपुते’ दिग्दर्शित केला. अशोक सराफ यांच्याशी असलेली त्यांची जोडीही ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) या चित्रपटापासून घरोघरी परिचित आहे. त्यामुळे हे दोघे पडद्यावर समोरासमोर आले की प्रेक्षक एका चित्रपटाबरोबरच अनेक चित्रपटांची आठवण सोबत आणतो.

याच मालिकेत ‘दे धक्का’चाही उल्लेख करावा लागेल. २००८ मधील पहिल्या भागात जाधव कुटुंबाचा खटारा गाडीतील प्रवास होता. २०२२ मधील दुसऱ्या भागात तेच कुटुंब लंडनला पोहोचले.

संदर्भ केव्हा रंगतो

या उदाहरणांवरून काही बाबी स्पष्ट होतात. जुना संदर्भ नव्या कथेतील अडचण वाढवतो किंवा सोडवतो, तेव्हा तो विनोद ठरतो. नवस पुन्हा येतो तो मुलीच्या संसारासमोर. म्हणजे जुन्या गाठीला नवा पीळ पडतो. याउलट, गाजलेला संवाद नुसताच पुन्हा उच्चारला गेला, तर टाळी मिळते, हसू मिळतेच असे नाही.

दुसरी बाब वयाची. मूळ चित्रपटातील चपळाई साठी ओलांडलेल्या नटांकडून करून घेण्याचा अट्टहास केविलवाणा होऊ शकतो; वाढलेले वय कथेनेच मान्य केले, तर ते विनोदाला पूरक ठरते. तिसरी बाब गैरहजेरीची. दिवंगत कलावंतांची जागा भरण्याऐवजी ती रिकामी असल्याची जाणीव ठेवणे प्रेक्षकाला अधिक रुचते. चौथी बाब बदललेल्या अभिरुचीची. शरीरयष्टी, व्यंग किंवा स्त्रियांवरील जे विनोद पूर्वी सहज खपत, ते आज खटकतात. स्वतःच्या भूतकाळावर हसणाऱ्या चित्रपटाला त्या भूतकाळाकडे चिकित्सकपणे पाहण्याची संधीही असते. ती नेहमी घेतली जातेच असे नाही.

महाराष्ट्राबाहेरील प्रेक्षक

रायपूर व परिसरावर अठराव्या शतकाच्या मध्यापासून नागपूरकर भोसल्यांची सत्ता होती, तर १९५६ पर्यंत या प्रदेशाची राजधानी नागपूरच होती. येथील मराठी वस्तीची मुळे त्या इतिहासात आहेत. येथील महाराष्ट्र मंडळाची स्थापना १९३५ ची आहे. कापडबाजारासाठी ओळखल्या जाणाऱ्या पंडरीत शहराचे मुख्य बसस्थानक अनेक वर्षे होते. २०२१ मध्ये ते भाठागाव येथे हलवण्यात आले. आज पंडरीत मॉल व मल्टिप्लेक्सही आहे.

महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये मल्टिप्लेक्सना मराठी चित्रपटांसाठी प्राइम टाइममधील खेळ राखण्याचे बंधन घातले. राज्याच्या सीमेबाहेर हा नियम लागू नाही. त्यामुळे पंडरीतील पडद्यावर मराठी चित्रपट लागणे हे सर्वस्वी वितरक व चित्रपटगृहचालक यांच्या व्यावसायिक गणितावर अवलंबून असते. अशा शहरांत जुन्या मराठी चित्रपटांची ओळख मुख्यतः दूरचित्रवाणीने टिकवली. २००७ मध्ये सुरू झालेल्या झी टॉकीज या मराठी चित्रपट वाहिनीने हे चित्रपट महाराष्ट्राबाहेरील घरांतही पोहोचवले.

तरीही पिढ्यांमधील अंतर उरते. हिंदी माध्यमात शिकलेल्या नातवंडांना आजी-आजोबा हसतात ते नेमके कशाला, हे पुष्कळदा समजावून सांगावे लागते. उपशीर्षकांनी संवादाचा अर्थ कळतो; पण कंडक्टरचा टीसी झाला यातील गंमत उपशीर्षकात मावत नाही. दुसरा भाग पाहण्यापूर्वी पहिला भाग घरात एकत्र बसून पाहणे, हाच त्यावरील सोपा मार्ग आहे.

छत्तीसगडी चित्रपटसृष्टीनेही असाच अनुभव घेतला आहे. सतीश जैन यांचा ‘मोर छइंहा भुंइया’ २००० मध्ये, राज्यनिर्मितीच्या सुमारास प्रदर्शित झाला. त्याच दिग्दर्शकाने २०२४ मध्ये त्याचा दुसरा भाग आणला. तो विनोदपट नव्हे, कौटुंबिक चित्रपट आहे. मात्र ज्या वर्षी मराठी प्रेक्षकांसाठी ‘नवरा माझा नवसाचा २’ आला, त्याच वर्षी शेजारच्या भाषेतही मूळ चित्रपटावर प्रेम करणाऱ्या पिढीला पुन्हा चित्रपटगृहात बोलावले गेले. त्या पिढीसोबत तिची मुलेही येतात का, यावर अशा चित्रपटांच्या तिसऱ्या भागाचे भवितव्य ठरेल.