गांजाचा वास कुणी घडवला? नौगावचा परखदार आणि टर्पिन

आज आपण एका वासाचा इतिहास बघणार आहोत. हल्ली गांजाच्या जुन्या, पारंपरिक वाणांविषयी बोलताना टर्पिनांची यादी हमखास पुढे येते. अमुक वाणात मायर्सीन जास्त, तमुक वाणात लिमोनीन जास्त, म्हणून त्याचा वास असा. ही द्रव्यं आपल्या ओळखीचीच आहेत बरं का. मायर्सीन आंब्यात असतं, लिमोनीन संत्र्याच्या सालीत, लिनालूल धन्यांत, कॅरियोफिलीन मिरी-लवंगेत. पण वास नुसता बियाण्यातून येतो का? हे तपासायला आपण जाऊ जुन्या बंगालमधल्या नौगावला. हा भाग आज बांगलादेशात आहे.

१८९३ साली इंग्रज सरकारनं इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन नेमलं. त्याच वर्षी वनस्पतिशास्त्रज्ञ डेव्हिड प्रेन यांचा गांजाच्या लागवडीवरचा अहवाल निघाला. त्या काळच्या कागदपत्रांत एक माणूस भेटतो. त्याला पोद्दार किंवा परखदार म्हणत. आपल्या 'पारखी'चाच तो भाऊबंद. शेतातून हिंडायचं, फूल उमलण्याआधी नर झाड ओळखायचं आणि उपटून टाकायचं, हे त्याचं काम. कारण पराग पडला की मादी झाड बी धरतं आणि फुलांतलं सुगंधी तेल घटतं. म्हणजे बी तेच, शेत तेच, पण परखदाराची नजर चुकली की माल वेगळा!

कापणीनंतर पुढचं कसब. तुरे पायांनी तुडवून 'चपटा' गांजा करत, नाहीतर वळून 'गोल' गांजा. दाबामुळे राळ तुऱ्यांना चिकटून बसे. मग वाळवण आणि साठवण. इथे रसायनशास्त्र मदतीला येतं. मायर्सीन, लिमोनीन ही हलकी टर्पिनं लवकर उडून जातात, कॅरियोफिलीनसारखी जड टर्पिनं मागे राहतात. ताज्या तुऱ्याचा वास आणि गोदामातल्या मालाचा वास म्हणूनच वेगळा. शिवाय टर्पिनांनी सगळंच उलगडत नाही. काही वाणांच्या उग्र दर्पामागे गंधकाची संयुगं असल्याचं २०२१ साली संशोधकांनी दाखवलं.

याचा इतिहासाला अर्थ काय? लागवडीची पद्धत, मालाचे प्रकार, भाव, कर हे सगळं कागदावर उतरलं. वास उतरला नाही. एकोणिसाव्या शतकातला वाळका नमुना हाती आला तरी त्यातून तो वास पुन्हा उभा करता येत नाही.

त्या काळी आपल्या नगर जिल्ह्यातही गांजा पिकत होता. पुढे कायदे बदलले. भारतात १९८५चा अमली पदार्थ कायदा आला, नौगावची शेतीही त्याच दशकात थांबली. कायद्याच्या बऱ्यावाईटाचा विषय वेगळा. पण शेती थांबली की पहिल्यांदा कसब जातं, कारण ते हातात आणि डोळ्यांत असतं. बी एखाद्या डब्यात वर्षानुवर्षं टिकेल, परखदाराची नजर कुठल्या डब्यात ठेवणार? तेव्हा कुणी 'अस्सल जुना वाण' म्हणून टर्पिनांचा तक्ता दाखवला, तर एवढं विचारा: हा वास घडवणारे हात कुठले?