पुराव्याची अग्राह्यता (फौजदारी)

फौजदारी खटल्यात विशिष्ट पुरावा विचारात घेण्यास कायद्याने केलेली मनाई. भारतातील तिचे ठळक उदाहरण म्हणजे पोलिसांपुढील कबुलीजबाब. मारहाण वा धाकाने कबुली वदवून घेतली जाण्याचा धोका ओळखून भारतीय पुरावा अधिनियम, १८७२ च्या कलम २५ ने ती आरोपीविरुद्ध सिद्ध करण्यास मनाई केली. कलम २६ नुसार पोलीस कोठडीतील आरोपीने इतर कोणापुढे दिलेली कबुलीही दंडाधिकाऱ्याच्या समक्ष नसल्यास अग्राह्य ठरे. मात्र आरोपीच्या माहितीवरून हत्यार, मुद्देमाल अशी वस्तू सापडली, तर त्या शोधाशी थेट निगडित तेवढाच भाग ग्राह्य धरण्याची मुभा कलम २७ देई. १ जुलै २०२४ पासून या तरतुदी भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम २३ मध्ये एकत्र आल्या आहेत. महाराष्ट्राच्या संघटित गुन्हेगारीविरोधी ‘मकोका’ कायद्याने (१९९९) मात्र पोलीस अधीक्षक किंवा त्यावरील अधिकाऱ्याने विहित पद्धतीने नोंदवलेली कबुली ग्राह्य मानली आहे.

पुरावा केवळ बेकायदा मार्गाने मिळाला म्हणून तो भारतात आपोआप बाद होत नाही. मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य (१९७३) खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आरोपीच्या नकळत ध्वनिमुद्रित केलेले संभाषण ग्राह्य धरले. सेल्वी खटल्यात (२०१०) मात्र सक्तीची नार्को चाचणी (औषध देऊन केलेली चौकशी) आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष देण्याच्या सक्तीपासून संरक्षण देणाऱ्या संविधानाच्या अनुच्छेद २०(३) चा भंग ठरली.