तीस सेकंदांची पाटी

वाशिम जिल्हा अकोल्यातून वेगळा झाला १ जुलै १९९८ला. विंडोज ९८ त्याच्या सहाच दिवस आधी अमेरिकेत विक्रीला आलं. जिल्ह्याचं वय कोणी विचारलं की मला ते विंडोज आधी आठवतं; माझ्या लग्नपत्रिकांच्या दुकानाचं पोट त्याच्यावरच चाललं.

पत्रिकेतली मराठी तेव्हा सोंगाडी होती. पडद्यावर ‘श्री गणेशाय नमः’ दिसे, पण संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरंच. फाँटने वरून नुसता मराठी वेश चढवलेला. तो फाँट नसलेल्या मशीनवर फाइल उघडली की नवरा-नवरीच्या नावांचा चिवडा! २००१ साली विंडोज एक्सपी आलं. त्यात युनिकोड होतं, मंगल फाँट होता, प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक होता. पुण्याच्या गिऱ्हाइकाला मजकूर मेलने पाठवायचा तर एक्सपी हवंच. पण आमच्या डीटीपी सॉफ्टवेअरचं लॉक, म्हणजे प्रिंटरच्या पोर्टला खोचायचं डोंगल, ९८ सोडून कोणाला ओळख देईना. दुसऱ्या संगणकाची ऐपत नव्हती. मग एकाच हार्डडिस्कवर दोन बिऱ्हाडं थाटली.

त्यात थोरल्याचा मान आधी. सी ड्राइव्ह फॅट३२ ठेवायचा, कारण ९८ला एनटीएफएस वाचता येत नाही. तिथे ९८, मग डीवर एक्सपी. धाकटं समजूतदार, बूट.आयएनआय नावाच्या फाइलीत दोघांचीही नावं लिहून ठेवी. मशीन चालू केलं की काळ्या पडद्यावर दोन ओळी, आणि निवडायला ३० सेकंद. एकदा मी घाईत ९८ पुन्हा टाकलं. त्याने बूट सेक्टर स्वतःच्या नावावर करून घेतला आणि एक्सपी डिस्कवर असूनही गायब! रिकव्हरी कन्सोलमध्ये ‘फिक्सबूट’ एवढं टाइप केलं की भागतं, हे कळेपर्यंत लग्नसराईचे दोन दिवस गेले. रिसोडचा एक वरबाप सकाळ-संध्याकाळ दारात: ‘भाऊ, पत्रिका कवा भेटन?’

पुढे उबुंटूही टाकून पाहिलं. २०११पर्यंत त्याच्या सीड्या पोस्टाने फुकट येत. पत्रिका त्यावर एकही झाली नाही, पण विंडोज बसलं की फायली काढायला तेच धावून येई.

आताच्या मशीनला डोंगलचा पोर्टच नसतो. म्हणून जुना डबा टेबलाखाली ठेवलाय. बापाच्या पत्रिकेतला गणपती मुलीच्या पत्रिकेत मागणारे येतात, तेव्हा तो चालू करतो. फक्त ३० सेकंदांचे ५ केलेत.