मध्यप्रांत व वऱ्हाडचे कायदे आणि न्यायिक पुनर्विलोकनाचा विकास (१९३८ ते १९८०)

प्रस्तावना

न्यायिक पुनर्विलोकनाचा इतिहास शिकविताना आपल्याकडे साधारणतः अमेरिकेतील १८०३ च्या मार्बरी विरुद्ध मॅडिसन या खटल्यापासून आरंभ केला जातो आणि तेथून थेट १९७३ च्या केशवानंद भारती निवाड्याकडे वळले जाते. त्यामुळे ही संकल्पना परदेशात जन्मली आणि दिल्लीत वाढली, आपल्या भूमीशी तिचा संबंध नाही, असा विद्यार्थ्यांचा समज होतो. वस्तुस्थिती वेगळी आहे. ज्या प्रांतात अकोला, अमरावती, बाळापूर, धामणगाव ही गावे होती, त्या मध्यप्रांत व वऱ्हाडच्या विधिमंडळाचे कायदे या तत्त्वाच्या जडणघडणीत महत्त्वाच्या टप्प्यांवर कसोटीला लागले. न्यायालयासमोरील मूळ प्रश्न या काळात दोन वेळा बदलला. कायदा कोणी करावा, हा पहिला प्रश्न होता. कायद्याने नागरिकाचे स्वातंत्र्य किती संकुचित करावे, हा दुसरा. आणि संविधान बदलण्याच्या अधिकारालाही सीमा आहे काय, हा तिसरा. प्रस्तुत निबंधात या तीन प्रश्नांचा क्रमाने विचार केला आहे.

पेट्रोलवरील कर आणि संघ न्यायालय

ब्रिटिश काळातील भारतीय विधिमंडळे ही ब्रिटिश पार्लमेंटच्या कायद्याने निर्माण झालेली होती. ज्या कायद्याने अधिकार दिले त्याच कायद्याने त्यांच्या मर्यादाही आखल्या होत्या. म्हणून विधिमंडळाने आपली मर्यादा ओलांडली काय, हे तपासणे न्यायालयांना क्रमप्राप्त होते. प्रिव्ही कौन्सिलने १८७८ मध्ये बुऱ्हा खटल्यात हे तत्त्व मान्य केले होते. १९३५ च्या भारत सरकार कायद्याने संघ आणि प्रांत यांच्यात विषयांची विभागणी केली आणि १९३७ मध्ये संघ न्यायालय अस्तित्वात आले. तेव्हा या तत्त्वाला नवे महत्त्व प्राप्त झाले.

वऱ्हाडची घटनात्मक स्थिती त्या वेळी मोठी चमत्कारिक होती. १८५३ पासून हा प्रदेश इंग्रजांच्या ताब्यात होता आणि १९०३ मध्ये तो मध्यप्रांताला जोडला गेला. तरीही त्यावरील निजामाचे सार्वभौमत्व १९३६ च्या करारातही मान्य करण्यात आले होते. अशा प्रांताच्या विधिमंडळाने १९३८ मध्ये मोटारीचे इंधन व वंगण यांच्या किरकोळ विक्रीवर किमतीच्या पाच टक्के कर बसविला. केंद्र सरकारची हरकत अशी की, भारतात उत्पादित मालावरील उत्पादन शुल्क हा संघाचा विषय असल्याने हा कर प्रांताच्या अधिकारात बसत नाही. मालाच्या विक्रीवरील कर हा आपल्या सूचीतील विषय आहे, असे प्रांताचे उत्तर होते. गव्हर्नर जनरलने हा प्रश्न संघ न्यायालयाकडे मतासाठी पाठविला.

सरन्यायाधीश सर मॉरिस ग्वायर, सर शाह सुलेमान आणि बॅ. मुकुंदराव जयकर या तिघांनी डिसेंबर १९३८ मध्ये कायदा प्रांताच्या अधिकारात असल्याचे मत दिले. दोन नोंदींचा अर्थ एकमेकींना गिळून टाकील असा न लावता दोहोंना वाव राहील असा लावावा, हे त्यामागील सूत्र होते. संघ न्यायालयाच्या प्रकाशित निर्णयांत हे मत पहिले आहे. या पहिल्याच प्रसंगी न्यायालयाने प्रांतिक विधिमंडळाचा कायदा रद्द केला नाही, तर केंद्राच्या आक्षेपापासून त्याला संरक्षण दिले. पुनर्विलोकन म्हणजे लोकनियुक्त सभागृहाला विरोध, हे समीकरण इतिहासाच्या आरंभीच चुकते.

विडीचा कायदा: हेतू आणि साधन

२६ जानेवारी १९५० पासून प्रश्नाचे स्वरूप पालटले. संविधानाच्या अनुच्छेद १३ ने मूलभूत हक्कांशी विसंगत कायदे त्या विसंगतीपुरते शून्य ठरविले आणि अनुच्छेद ३२ ने नागरिकाला थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याचा मार्ग दिला. आता विधिमंडळाला अधिकार होता एवढे सिद्ध करणे पुरेसे राहिले नाही.

याची प्रचीती त्याच वर्षी आली. प्रांताच्या १९४८ च्या कायद्यानुसार, शेतीच्या हंगामात नेमून दिलेल्या गावांतील लोकांना विड्या वळण्यास मनाई करण्याचा अधिकार डेप्युटी कमिशनरला होता. धान्योत्पादनासाठी शेतमजूर उपलब्ध व्हावेत हा त्यामागील हेतू. सागर जिल्ह्यात असा आदेश निघाला तेव्हा एक कारखानदार आणि एक विडी कामगार न्यायालयात गेले. चिंतामणराव विरुद्ध मध्यप्रदेश राज्य या खटल्याचा निर्णय ८ नोव्हेंबर १९५० रोजी लागला. न्या. मेहरचंद महाजन यांनी हेतूला दोष दिला नाही. तथापि जी माणसे वार्धक्यामुळे किंवा अपंगत्वामुळे शेतीवर जाऊच शकत नाहीत, त्यांचाही रोजगार या मनाईने हिरावला जात होता आणि त्याने धान्याच्या उत्पादनात काडीची भर पडत नव्हती. निर्बंध हेतूच्या गरजेपेक्षा अधिक असल्याने तो वाजवी नव्हे, असे ठरवून न्यायालयाने मनाईची तरतूद शून्य ठरविली.

पाऊणशे वर्षांनंतरही हा निवाडा वाजवी निर्बंधांच्या चर्चेत आधारभूत मानला जातो. चांगला हेतू वाईट साधनाला पावन करीत नाही, हा त्याचा सारांश. त्यामागे घरी बसून विड्या वळणाऱ्या असहाय माणसाच्या पोटाचा प्रश्न होता, हे मात्र पाठ्यपुस्तकांत क्वचितच सांगितले जाते.

संसदेचे उत्तर आणि ग्रहणाचे तत्त्व

न्यायालयाचा शब्द हा प्रत्येक वेळी अखेरचा नसतो, हे याच प्रांताच्या दुसऱ्या कायद्याने दाखविले. मोटार वाहन कायद्यात प्रांताने १९४८ च्या आरंभी केलेल्या दुरुस्तीने खाजगी मोटार वाहतूक सरकारला ताब्यात घेता येत होती. १९५० मध्ये व्यवसायस्वातंत्र्याशी ही तरतूद विसंगत ठरली. पुढे जून १९५१ मधील पहिल्या घटनादुरुस्तीने राज्याच्या मक्तेदारीस वाट मोकळी झाली. मेलेला कायदा दुरुस्तीने जिवंत होत नाही, असा युक्तिवाद मोटारमालकांनी भिकाजी नारायण धाक्रस खटल्यात केला. १९५५ मध्ये न्यायालयाने तो फेटाळला. घटनापूर्व कायदा मूलभूत हक्काच्या छायेत झाकला गेला होता, मृत झाला नव्हता. छाया सरताच तो पुन्हा प्रभावी झाला. ‘ग्रहणाचे तत्त्व’ म्हणून अभ्यासक्रमात येणारा सिद्धांत तो हाच.

अमरावतीच्या न्यायमूर्तींचा प्रश्न

संसद घटनादुरुस्तीने उत्तर देऊ शकत असेल तर त्या उत्तराला सीमा कोणती? सतराव्या घटनादुरुस्तीने १९६४ मध्ये ४४ कायदे नवव्या परिशिष्टात घातले. सज्जनसिंह विरुद्ध राजस्थान राज्य या खटल्यात पाचही न्यायमूर्तींनी ही दुरुस्ती वैध ठरविली. परंतु न्या. ज. र. मुधोळकर यांनी स्वतंत्र निकालपत्रात एक शंका नोंदविली: संविधानाच्या मूलभूत वैशिष्ट्यात केलेला बदल ही केवळ दुरुस्ती मानावी, की ते संविधानाचे पुनर्लेखन ठरते? पाकिस्तानच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९६३ च्या एका निर्णयाचा आधारही त्यांनी घेतला. न्या. मुधोळकर हे १९१२ च्या बांकीपूर काँग्रेसचे अध्यक्ष, अमरावतीचे रघुनाथ नरसिंह मुधोळकर यांचे पुत्र.

त्या शंकेचे उत्तर २४ एप्रिल १९७३ रोजी मिळाले. तेरा न्यायमूर्तींच्या पीठाने सात विरुद्ध सहा अशा मतांनी मूलभूत संरचनेचा सिद्धांत स्वीकारला. अल्पमतातील सहांमध्ये न्या. दे. गो. पाळेकर आणि न्या. यशवंत चंद्रचूड हे दोन मराठी न्यायमूर्ती होते. बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने संसदेच्या दुरुस्तीच्या अधिकाराला सीमा नाही असे लिहून ठेवले. १९८० मध्ये मिनर्व्हा मिल्स खटल्यात ती तरतूद घटनाबाह्य ठरविणारे बहुमताचे निकालपत्र मात्र सरन्यायाधीश झालेल्या चंद्रचूड यांनीच लिहिले. आणीबाणीचा अनुभव मधल्या काळात येऊन गेला होता.

समारोप

लोकांनी निवडून न दिलेल्या मूठभर न्यायमूर्तींनी लोकप्रतिनिधींचा कायदा का रद्द करावा, हा आक्षेप जुना आहे आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. मराठा आरक्षणाचा २०१८ चा कायदा ५ मे २०२१ रोजी रद्द झाला तेव्हा महाराष्ट्रात तो नव्याने ऐकू आला. वरील इतिहास त्या आक्षेपाचे संपूर्ण उत्तर देत नाही, पण त्याची मांडणी सुधारतो. १९३८ मध्ये न्यायालयाने विधिमंडळाला राखले, १९५० मध्ये नागरिकाला राखले, १९५५ मध्ये संसदेच्या दुरुस्तीचा परिणाम मान्य केला आणि १९७३ नंतर संविधानाची चौकट राखली. त्यामुळे पुनर्विलोकन योग्य की अयोग्य असा सरसकट निवाडा देण्याऐवजी, प्रत्येक वेळी न्यायालयाने कोणापासून कोणाचे रक्षण केले, हे पाहणे अधिक उचित ठरते. आपल्या महाविद्यालयांतील राज्यशास्त्र व इतिहासाच्या अध्यापकांनी हे निवाडे वर्गात प्रांताच्या इतिहासासह शिकवावेत. त्यायोगे पेट्रोलचा कर, विडीची मनाई आणि मोटारींचे परवाने या रोजच्या व्यवहारातूनच संविधानाचा अर्थ घडत गेला, हे वऱ्हाडातील विद्यार्थ्याच्या ध्यानी येईल.