साउंड कार्ड

साउंड कार्ड हा संगणकातील अंकीय ध्वनीचे विद्युत संकेतांत रूपांतर करून ते स्पीकर किंवा हेडफोनकडे पाठवणारा घटक आहे. मायक्रोफोनकडून येणाऱ्या संकेतांचे अंकीय रूपांतरही तो करतो.

इतिहास

१९८१ साली आलेल्या आयबीएम पीसीमध्ये केवळ साधे सूर काढणारा लहान स्पीकर होता. १९८७ मध्ये अ‍ॅडलिब आणि १९८९ मध्ये सिंगापूरच्या क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजी या कंपनीचे साउंड ब्लास्टर ही कार्डे बाजारात आली. त्या काळी कार्डाचा आयआरक्यू क्रमांक अनेकदा हाताने ठरवावा लागे. तोच क्रमांक दुसऱ्या उपकरणाला दिलेला असल्यास आवाज बंद पडे. इंटेलने १९९७ मध्ये एसी'९७ आणि २००४ मध्ये हाय डेफिनिशन ऑडिओ ही मानके आणली. आज बहुतेक घरगुती संगणकांत ध्वनीची चिप मदरबोर्डवरच असते.

आवाज न येण्याची कारणे

ध्वनी प्रोग्रामकडून ऑपरेटिंग सिस्टिमकडे, तेथून ड्रायव्हरमार्फत चिपकडे आणि शेवटी वायरीतून स्पीकरकडे जातो. यांपैकी एक दुवा तुटला तरी आवाज येत नाही. त्यामुळे केवळ शांततेवरून कार्ड बिघडले असा निष्कर्ष काढता येत नाही.

* जोडणी: प्रचलित रंगसंकेतानुसार पोपटी छिद्र स्पीकरसाठी, गुलाबी मायक्रोफोनसाठी व फिकट निळे बाहेरून येणाऱ्या ध्वनीसाठी असते. पिन चुकीच्या छिद्रात असल्यास स्पीकर वाजत नाही.
* चुकीचे उपकरण: एचडीएमआय केबलमधून चित्रासोबत ध्वनीही जातो. मॉनिटरला स्पीकर नसताना ऑपरेटिंग सिस्टिमने ध्वनीसाठी तोच निवडलेला असल्यास आवाज ऐकू येत नाही.
* म्यूट: संपूर्ण संगणकाचा आवाज चालू असूनही एखाद्या प्रोग्रामचा आवाज स्वतंत्रपणे बंद असू शकतो. लिनक्समध्ये अल्सा मिक्सरमधील वाहिनीखाली 'एमएम' ही अक्षरे दिसल्यास ती बंद असते.
* ड्रायव्हर: तो नसल्यास किंवा चिपशी जुळत नसल्यास ऑपरेटिंग सिस्टिमला चिप नीट वापरता येत नाही.

दोषाचे स्थान ठरवणे

हेडफोनमधून आवाज येत असेल, तर दोष स्पीकर, त्याची वायर किंवा त्याच्या जोडणीत असण्याची शक्यता अधिक असते. पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू केल्यावर आवाज आल्यास चिप सुस्थितीत असून दोष मूळ सिस्टिमच्या ड्रायव्हरमध्ये किंवा सेटिंगमध्ये आहे, असे समजते. या चाचण्यांना खर्च जवळपास नसतो. म्हणून त्या नवे कार्ड विकत घेण्यापूर्वी केल्या जातात. चिप खरोखरच निकामी ठरल्यास मदरबोर्ड न बदलता यूएसबी साउंड कार्ड जोडून संगणकाचा आवाज परत मिळवता येतो.